कोणाच्या मानाने?

मावशीची स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यायला मी तिच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी कागदावरचे गुण मोजले, पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "वयाच्या मानाने चांगलं आहे हो." वाक्य दिलासा देणारे होते आणि मावशीनेही ते तसेच घेतले, इतका वेळ आखडलेले तिचे खांदे सैल झाले. तपासणी चालू असताना मात्र ती फार अवघडून बसली होती. वार तिने चटकन सांगितला, तारीख काही आली नाही, आणि "तारीख कशाला लागते मला?" असे तिने डॉक्टरांनाच विचारले. शंभरातून सात वजा करत जायचे होते, तिथे त्र्याण्णवपर्यंत येऊन ती माझ्याकडे पाहू लागली. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन समोर ठेवून तसेच काढायला सांगितले, तेव्हा कागदावर टेकलेली पेन्सिल थरथरली. ती थरथर वयाची होती की पेन्सिल हातात धरण्याची सवय कधी लागलीच नाही म्हणून होती, हे मला ठरवता येईना. एकूण गुण मध्यम आले, आणि तरीही वयाच्या मानाने चांगले. डॉक्टरांचे काही चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. पण मनात एक बारीक कुसळ रुतून बसले. तिच्या वयाच्या नेमक्या कोणत्या बाईशेजारी मावशीला बसवून हा निर्वाळा दिला गेला?

या कुसळापायी मी पुढे बरेच वाचत गेले.

डॉक्टरांनी वापरलेली तीस गुणांची चाचणी १९७५ मध्ये मार्शल फोल्स्टाइन, सुसान फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांनी प्रसिद्ध केली. रुग्णाच्या खाटेशी बसून दहा मिनिटांत उरकता यावी, इतकी ती सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच ती जगभर गेली. 'वयाच्या मानाने' म्हणजे काय याचे कोष्टक मात्र १९९३ मध्ये आले. अमेरिकेतल्या १८,०५६ प्रौढांचे गुण त्यात वयानुसार आणि शिक्षणानुसार मांडलेले आहेत. अठरा ते चोवीस वर्षांच्या तरुणांचा मध्यक, म्हणजे गुणांच्या उतरंडीत बरोबर मध्ये बसणारा आकडा, २९ येतो आणि ऐंशीच्या पुढच्यांचा २५. साठ वर्षांचे आयुष्य मधे घालूनही फरक चारच गुणांचा. त्याच निबंधातली दुसरी रांग मी पुन्हा पुन्हा वाचली : निदान नऊ वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यक २९, पाच ते आठ वर्षे गेलेल्यांचा २६, आणि चार वर्षे किंवा त्याहूनही कमी गेलेल्यांचा २२. म्हणजे साठ वर्षांचे म्हातारपण चार गुण नेते आणि न मिळालेली शाळा सात. मावशीची शाळा चौथीत सुटली. भावांची सुटली नाही. ज्या पिढीच्या मुलींना शाळेतून काढताना त्यांना कोणी विचारलेही नाही, त्यांची बुद्धी सत्तरीनंतर मोजायला घेतली की ते न विचारणेसुद्धा गुणपत्रिकेत उतरते. तिथे त्याचे नाव मात्र 'घसरण' असे असते.

ही अडचण अभ्यासकांना ठाऊक नव्हती असे नाही. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातील गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी चाचणीच नव्याने बांधली. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटायला सांगण्याऐवजी परीक्षक म्हणत असे की माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा. शंभरातून सातच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावत. एक वाक्य लिहा, याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा. हे वाचताना मला मनापासून बरे वाटले आणि त्याच क्षणी थोडा रागही आला. मोजायचे काय आहे, याचा विचार कोणीतरी आधी करून ठेवला असेल, तर पंचकोन काढून घ्यायचा आग्रह अजून इतका का टिकून आहे?

साथरोगशास्त्र म्हटले की आपल्याला पटकी, देवी, प्लेग असे काहीतरी आठवते. वार्धक्य, विसराळूपणा, ऋतुनिवृत्ती म्हणजे पाळी कायमची जाणे, या संथ गोष्टींशी त्या शास्त्राचा काही संबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. पण या शास्त्राचे सारे कसब एकाच ठिकाणी पणाला लागते : या बाईची तुलना कोणत्या बाईशी करायची? फ्रान्सिन ग्रोडस्टाइन या साथरोगतज्ज्ञ बाईंचे काम मी याच ओढीने वाचायला घेतले. स्त्रियांचे आरोग्य आणि उतारवयातली आकलनशक्ती हा त्यांचा विषय, आणि त्यांच्या कामाचा पाया म्हणजे हार्वर्डच्या परिसरात १९७६ मध्ये फ्रँक स्पायझर यांनी सुरू केलेला परिचारिकांचा अभ्यास. अमेरिकेच्या अकरा राज्यांतल्या, तीस ते पंचावन्न वर्षे वयाच्या १,२१,७०० विवाहित नर्सेसनी टपालाने आलेली प्रश्नावली भरून परत पाठवली. मूळ हेतू गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम पाहण्याचा होता. नर्सेस निवडल्या, कारण त्यांना आजारांची नावे नेमकी माहीत असतात, रक्तदाब किती हे त्या अंदाजाने सांगत नाहीत, आणि एकदा कबूल केलेले काम त्या अर्ध्यावर टाकत नाहीत. दर दोन वर्षांनी प्रश्नावली जात राहिली. मध्येच कधीतरी पायाच्या नखांची कात्रणे मागवली गेली, आणि हजारो जणींनी ती कापून पाकिटातून पाठवलीसुद्धा. शरीरात कोणती मूलद्रव्ये साठली आहेत, याचा हिशेब नखांत राहतो म्हणतात. कामावरून दमून आलेली एक बाई रात्री दिव्याखाली बसून विज्ञानासाठी नखे कापते आहे, हे डोळ्यांपुढे आले आणि मला मनापासून हसू आले. नंतर वाटले, निष्ठा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

१९९५ ते २००१ या काळात, सत्तरी ओलांडलेल्या आणि पक्षाघात न झालेल्या एकोणीस हजारांहून अधिक नर्सेसना फोन करून त्यांची आकलनशक्ती तपासण्यात आली. फोनवरच्या या चाचणीत पेन्सिल नाही की पंचकोन नाहीत. एक छोटी गोष्ट ऐकवायची आणि परत सांगायला लावायची. दहा शब्द वाचून दाखवायचे, ते लगेच विचारायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी म्हणायला सांगायची. आकडे उलटे म्हणवून घ्यायचे. दोनेक वर्षांनी पुन्हा फोन, मग पुन्हा. माझ्या डोक्यात घोळणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर इथे होते. या साऱ्या जणींचे व्यावसायिक शिक्षण एकच, आयुष्यभराचे कामही एकाच जातीचे. त्यांच्या गुणांत फरक पडला, तर तो शाळेच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. शिवाय त्यांनी तरुणपणी काय खाल्ले, किती चालल्या, कोणती औषधे घेतली, हे त्यांनी विसरायला लागल्यावर आठवून सांगितलेले नव्हते. ते त्या त्या वर्षी त्यांच्याच हातांनी लिहून ठेवलेले होते. विस्मरणाचा अभ्यास विस्मरण झालेल्याच्या आठवणींवर उभा करता येत नाही. ही साधी गोष्ट सांभाळायला पंचवीस वर्षे आधी कामाला लागावे लागते.

या फोनांमधून निघालेला जो निष्कर्ष बहुतेकांना आवडतो, तो चालण्याचा. २००४ मध्ये जेनिफर व्यूव्ह, ग्रोडस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आठवड्याला निदान दीड तास बेताच्या गतीने चालणाऱ्या स्त्रियांचे गुण चाळीस मिनिटांहून कमी चालणाऱ्यांपेक्षा चांगले होते. ज्यांची एकंदर शारीरिक हालचाल सर्वांत जास्त होती, त्यांचा मेंदू जणू तीनेक वर्षांनी तरुण असल्यासारखा फरक दिसत होता. वर्तमानपत्रांना अशी बातमी फार आवडते. मला ती वाचून उत्साह आला, आणि मागोमाग शंकाही आली की सत्तरीत रोज फिरायला जाते कोण? जिचे गुडघे शाबूत आहेत, जिला सोबत आहे, जिच्या घरात अंथरुणाला खिळलेले कोणी नाही ती. की आधीच कुठेतरी मंदावू लागलेली बाईच घराबाहेर पडेनाशी होते? लेखकांनी या शंका जमतील तितक्या हिशेबात धरल्या होत्या. चालणे सत्तरीच्या बरेच आधीपासून नोंदलेले असल्यामुळे त्यांची बाजू भक्कमही होती. तरी शंका पूर्ण जात नाही. ती जाऊ नये हेच बरे, असे मला पुढचा भाग वाचल्यावर पटले.

तो भाग संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा. ऋतुनिवृत्तीनंतर बाहेरून संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, आणि कदाचित स्मृतिभ्रंशही कमी होतो, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक निरीक्षणांतून दिसत होते. १९९६ मध्ये परिचारिकांच्या अभ्यासातून हृदयविकाराबद्दलचा तसाच निबंध आला, आणि त्याच्या पहिल्या लेखिका ग्रोडस्टाइनच होत्या. गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रिया शेजारी शेजारी ठेवल्या, तर घेणाऱ्यांची प्रकृती खरोखरच चांगली दिसत होती. पण गोळ्या घेणारी बाई ही बहुतेकदा डॉक्टरांकडे वेळेवर जाणारी असते, खिशात पैसे असलेली आणि वजन सांभाळणारी असते. ती गोळीमुळे बरी होती की बरी होती म्हणून गोळीपर्यंत पोहोचली? याचा निकाल लावायचा तर निवड बाईच्याही हातात ठेवायची नाही आणि डॉक्टरांच्याही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड प्रकल्पात नेमके तेच केले गेले. एकूण १,६१,८०८ स्त्रिया त्यात आल्या. त्यांतल्या १६,६०८ जणींना, जणू चिठ्ठी टाकून, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची एकत्र गोळी तरी देण्यात आली किंवा तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी तरी.

जुलै २००२ मध्ये हा प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण खऱ्या गोळ्यांच्या गटात स्तनाचा कर्करोग ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला होता. आणि हृदयाचे रक्षण तर कुठे दिसलेच नाही. मे २००३ मध्ये या स्त्रियांपैकी पासष्टीपुढच्या ४,५३२ जणींच्या स्मृतीचा अहवाल आला. सरासरी चार वर्षांत एकसष्ट जणींना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान होते : खऱ्या गोळीच्या गटात चाळीस, निरुपद्रवी गोळीच्या गटात एकवीस. जवळजवळ दुप्पट. जी गोळी बुद्धीचे रक्षण करील असे वाटत होते, तिच्याच बाजूला पारडे झुकले. एकसष्ट हा तसा लहान आकडा आहे आणि दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला तेवीस रुग्णांची भर म्हणजे एकेका बाईच्या दृष्टीने धोका थोडाच. पण त्या चाळीस जणींकडे मी आकडा म्हणून पाहू शकत नाही. आपल्याला कोणती गोळी मिळते आहे हे त्यांना माहीत नव्हते, ते माहीत नसण्याला त्यांनी स्वतः संमती दिली होती, आणि त्या संमतीमुळे पुढच्या लाखो जणी सावध झाल्या.

सावध झाल्या, की घाबरल्या? दोन्ही झाले. अंगातून उठणाऱ्या वाफा, घामाने भिजून मोडलेल्या झोपा आणि आठवडेच्या आठवडे टिकणारी चिडचिड सोसणाऱ्या पन्नाशीच्या बायकांनीही त्या बातमीनंतर औषधे टाकून दिली. स्मृतीचा तो अहवाल मात्र पासष्टीनंतरच्या स्त्रियांचा होता, ऋतुनिवृत्ती मागे पडून दशक उलटलेल्या. म्हणजे इथेही तुलनेचाच घोटाळा, फक्त उलट्या दिशेने. आधी आरोग्यसंपन्न बायकांचे सुख सर्वांना लागू केले, मग वृद्ध बायकांची हानी मध्यमवयीनांना लावली. २००६ मध्ये ग्रोडस्टाइन पुन्हा आपल्याच नर्सेसच्या नोंदींकडे वळल्या आणि ऋतुनिवृत्तीच्या सुमारास संप्रेरके सुरू केलेल्या स्त्रिया दहा वर्षांनी सुरू केलेल्यांपासून वेगळ्या काढून हृदयविकाराचा हिशेब त्यांनी नव्याने मांडला. दोन गटांची चित्रे निराळी निघाली. आपल्या नावावरच्या जुन्या निष्कर्षाशी इतक्या शांतपणे भांडता येणे ही मला त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पुढे लवकर सुरू केलेल्या संप्रेरकांचे बुद्धीवर काय होते, हे पाहणारे स्वतंत्र प्रयोग झाले. २०१५ आणि २०१६ मध्ये त्यांचे निकाल आले, त्यांत ना फायदा दिसला ना तोटा. निराशाजनक निकाल आहे, मान्य. पण ज्या बाईला झोप लागावी म्हणून औषध हवे आहे, तिला निदान डोक्याची धास्ती न बाळगता निर्णय घेता येतो. दुसरीकडे, ऋतुनिवृत्ती येण्याआधीच दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण वाढलेले वॉल्टर रोका यांना मेयो क्लिनिकच्या नोंदींत २००७ मध्ये आढळले. वय कोणते आणि काय हरवले, हे सोडून संप्रेरकांविषयी काही बोलण्यात अर्थ नाही.

मी स्वतः त्याच वळणावर उभी असल्यामुळे एक निबंध मला फार जवळचा वाटला. अमेरिकेतच १९९६ मध्ये ३,३०२ मध्यमवयीन स्त्रियांचा ऋतुनिवृत्तीच्या आधीपासून नंतरपर्यंत पाठपुरावा करणारा एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या २,३६२ जणींची बुद्धी गेल ग्रीनडेल यांनी वर्षानुवर्षे त्याच त्या चाचण्यांनी तपासली आणि निष्कर्ष २००९ मध्ये मांडले. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की माणूस सरावाने थोडा सुधारतो. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांत नेमकी ती सुधारणा तेवढी थबकली होती. गुण कोसळत नव्हते. वाढायला हवे होते तसे वाढत नव्हते, एवढेच. ऋतुनिवृत्ती पार पडल्यावर ही सुधारणा पुन्हा सुरू झाली. ही बारीक गोष्ट पकडायची, तर प्रत्येक बाईची तुलना तिच्या स्वतःशीच करावी लागते, आणि तीही एकदाच करून भागत नाही. गेल्या काही महिन्यांत मी नवी माणसे भेटल्यावर त्यांची नावे वहीत लिहून ठेवू लागले आहे, हातातली किल्ली कुठे ठेवली हे मोठ्याने स्वतःला सांगू लागले आहे, आणि रात्री अंथरुणात पडून 'हे तेच तर नव्हे?' असा विचार मनात येऊन जातो. ग्रीनडेल यांचा निबंध मला धीर देतो. पण हजारोंची सरासरी सुधारली म्हणून माझीही सुधारेल, असे त्यात कुठेच लिहिलेले नाही, हेही मला वाचता येते.

तुलनेचा हट्ट अगदी टोकाला नेला तो डेव्हिड स्नोडन यांनी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात एकाच कॅथलिक संघातल्या ६७८ नन्स होत्या, साऱ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. सगळ्यांचे राहणे सारखे, जेवण सारखे, औषधोपचारही सारखे. कोणालाही मूल झालेले नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासायला द्यायचेही त्यांनी मान्य केले होते. संघात व्रतस्थ होताना, विशी उलटता उलटता त्यांनी लिहिलेली लहानशी आत्मकथने जपून ठेवलेली होती, आणि त्यांतल्या त्र्याण्णव जणींच्या आत्मकथनांत असे दिसले की ज्यांच्या वाक्यांत तरुणपणीच विचारांची दाटी कमी होती, त्यांच्यात साठ वर्षांनी बुद्धीची पडझड अधिक होती. हे वाचून मी थोडी हादरले. बाविसाव्या वर्षीच्या चार ओळींत पुढचे सगळे ठरून गेलेले असते? की ती चार वाक्ये म्हणजे बालपणी काय ऐकायला, वाचायला मिळाले याचा केवळ माग आहे? आकडे इथे गप्प बसतात. आणि मग सिस्टर मेरी येतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होईपर्यंत त्या शिकवत होत्या, शंभरी ओलांडल्यावर त्या गेल्या, अखेरपर्यंत चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम होते आणि मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा मुबलक सापडल्या. समान अन्न, समान घर, समान दिनक्रम असूनही ही एक बाई कोणत्याच रांगेत बसत नाही.

अल्झायमर झालेल्यांत अमेरिकेत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. बायका जास्त जगतात म्हणून हे होते, असे याचे पहिले उत्तर दिले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. हृदय दुबळे असलेले पुरुष आधीच निघून जातात. ऐंशीत उरतात ते निवडक, धडधाकट पुरुष, आणि त्यांच्या शेजारी सर्वसाधारण बायका बसवून आपण कोणाला जास्त विसर पडतो ते मोजतो. आपल्या मोजणीत आणखी एक फट आहे, ती वाचून मी थक्क झाले. शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत स्त्रियांना सर्व वयांत पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त गुण मिळतात. त्यामुळे आजार सुरू झाला तरी त्यांचे गुण बराच काळ दोघांसाठी ठेवलेल्या सामाईक रेषेच्या वरच राहतात. दिसायला हा लाभ आहे. प्रत्यक्षात निदान लांबते. एरिन सुंडरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळ्या रेषा आखून जुन्याच रुग्णांचे गुण पुन्हा तपासले. सामाईक रेषेने स्मृतीची सुरुवातीची बाधा पुरुषांत जास्त दिसत होती, ती आता स्त्रियांत जास्त दिसू लागली. सुमारे दहा टक्के पुरुषांना नसलेली बाधा चिकटवली गेली होती, आणि सुमारे दहा टक्के स्त्रियांना असलेली बाधा कोणाच्या नजरेलाच आली नव्हती. या स्त्रियांचे गुण कागदावर चांगले होते, आणि 'चांगले' ही रेषा पुरुषांनाही सोबत घेऊन ठरवलेली होती.